पंचांचा जावई

चेंडू वर

बास्केटबॉलच्या संघात सगळे त्याला जावई म्हणत. हे नाव खांबाने पाडलं होतं. सासरी आलेल्या जावयाला ठेच लागली तर चूक त्याच्या पायाची नसते, उंबरठ्याची असते. याचंही तसंच. हा स्वतःच्याच बुटात अडकून पडला तरी पंच शिट्टी फुंकत, जवळ जो कुणी उभा असेल त्याच्याकडे बोट दाखवत, आणि हा अंग झटकत फ्री थ्रोच्या रेषेकडे निघे. तिथे काय, निवांत नेम. आडवं यायला कुणी नाही. सगळा हॉल श्वास रोखून बसणार आणि हा केस मागे सारून, चेंडू आपटून, अलगद जाळीत सोडणार.

खांब हे बाकावरून बघे. संघातला सगळ्यात उंच, सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी खेळणारा माणूस म्हणजे खांब. बारा जणांना जर्सी मिळते. पाच खेळतात, काही आलटूनपालटून आत-बाहेर करतात आणि उरलेले टॉवेल हलवतात. खांब बारावा होता. टॉवेल फार सुरेख हलवायचा.

त्याला या जगाकडून आता एकच गोष्ट हवी होती: बारावी जर्सी, अजून एक सीझन. सामन्याआधी दिवे मंद करून निवेदक एकेक नाव पुकारतो. खांबाचं नाव सगळ्यांच्या शेवटी येई. टाळ्या वाजवून थकलेले लोक सवयीने अजून थोड्या वाजवत. त्या उरल्यासुरल्या टाळ्यांवर तो जगत होता. आणि सरांनी, म्हणजे कोचनी, पुढच्या सीझनबद्दल अजून चकार शब्द काढला नव्हता.

जावयाचं नाव पहिलं. त्याच्या वेळी निवेदकाला मध्येच थांबावं लागे, कारण त्याचा त्यालाच आवाज ऐकू येत नसे.

मत्सर वाईट, असं म्हणतात. खांबाला तसं वाटत नसे. त्याचा मत्सर जुन्या दुखण्यासारखा होता. ठणकायचा, पण आपला होता.

सोफ्यावर

मग त्याचा घोटा मुरगळला. तोही सामन्यात नाही, सरावात, तोही दुसऱ्याच्या पायावर पाय पडून. फिजिओने पट्टी बांधली आणि संघ दौऱ्यावर गेला खांबाला मागे ठेवून. सामना बघायला तो बायकोबरोबर सासऱ्यांकडे गेला. त्यांचा टीव्ही मोठा होता. सोफा मात्र बुटका होता. खांब त्यात बसला की त्याचे गुडघे कानाशी येत.

"फाउल!" सासरे ओरडले. "आंधळा आहे का हा? आपल्या पोराचा हात ओढला त्याने!"

आपलं पोर म्हणजे जावई. सासऱ्यांच्या घरी खरा जावई सोफ्यात घडी होऊन बसला होता, आणि आपलं पोर पडद्यावर होतं.

"बाबा, हात ओढला नाही," खांब म्हणाला. "यानेच आपला हात त्याच्या हातात अडकवला आणि मान मागे टाकली. मान बघा. मार लागतो मनगटाला आणि उडते मान."

"तुम्ही गप्प बसा हो. बाकावरून काय दिसणार तुम्हाला?"

"बाकावरूनच तर सगळं दिसतं. तिथे दुसरं काम काय असतं?"

बायकोने हसू दाबलं.

"माझं ऐका," सासरे म्हणाले. "मोठ्या खेळाडूला जास्त फाउल मिळतात, कारण तो जास्त वेळा आत घुसतो. जो घुसेल त्यालाच लागेल. दारात उभं राहणाऱ्याला कोण कशाला मारेल?"

"पंच हाताकडे बघतच नाहीत बाबा. पाठीवरच्या नंबराकडे बघतात. तोच धक्का मला बसला, तर खेळ चालू."

"तुम्हाला धक्का मारायला तुम्ही आत असायला हवं ना आधी."

पडद्यावर जावई रेषेवर उभा होता. केस मागे गेले, चेंडू जाळीत गेला. सासऱ्यांनी टाळी दिली, ती मुलीला. खऱ्या जावयाला द्यायला वाकावं लागलं असतं.

घरी जाताना बायको म्हणाली, "अरे, खरं सांग, दुखतंय कुठे? घोट्यात की अजून कुठे?"

"घोट्यात," तो म्हणाला.

लंगड्याची शिट्टी

या संघात एक जुनी रीत होती. सरावाचा सामना असला की शिट्टी जायबंदी खेळाडूच्या गळ्यात पडायची. खेळता येत नाही ना, मग पंच हो. त्याला म्हणत लंगड्याची शिट्टी. आणि नियम असा की लंगडा जे म्हणेल ते खरं. वाद घातला की घालणाऱ्याने प्रेक्षकांच्या सगळ्या पायऱ्या वर-खाली पळायच्या. सरसुद्धा मध्ये पडत नसत. का, तर उद्या खऱ्या पंचासमोर तोंड बंद ठेवायची सवय लागावी म्हणून.

संघ दौऱ्यावरून परतला आणि शिट्टी खांबाच्या गळ्यात आली.

पहिल्याच डावात जावई आत घुसला. त्याला अडवायला चष्मा होता, रबरी पट्ट्याचा चष्मा लावून खेळणारा, अंगाने आडवा, मनाने गरीब. चष्म्याचा हात जावयाच्या मनगटावर फाटकन बसला. आवाज भिंतीपर्यंत गेला. जावयाची मान मागे गेली, तोंडातून "आऽऽह" निघालं, चेंडू कुठल्या कुठे गेला.

खांबाच्या ओठात शिट्टी होती. त्याने ती ओठातच ठेवली.

जावई खाली बसून दोन्ही हात पसरून त्याच्याकडे बघत राहिला. तोवर समोरच्यांनी पलीकडे जाऊन बास्केट केली होती.

"खांबदादा! अरे आवाज आला! फाटकन!"

"मला नाही आला."

"चष्म्या, तू सांग, मारलंस की नाही?"

"मारलं," चष्मा म्हणाला. तो खरंच गरीब होता.

"वाद घातला," खांब शांतपणे म्हणाला. "दोघेही. पायऱ्या."

जावई पायऱ्या चढायला लागला आणि खांबाच्या छातीत असं काही गोड पसरलं की घोट्याची आठवणही राहिली नाही. इतक्या वर्षांत कुणी जावयाला नाही म्हटलं नव्हतं. जगात निदान एक तरी कोर्ट असं होतं जिथे जावयाला सासर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कोपर, खांदा, ढकल, ओढ. चष्म्याला वाटेल ते माफ. खांब इतरांना मात्र अगदी चोख फाउल द्यायचा, नख लागलं तरी द्यायचा. म्हणजे कुणी म्हणायला नको की शिट्टी बिघडली आहे.

कपडे बदलायच्या खोलीत

"हे बरोबर नाही हं खांब."

"काय?"

"मला अपराध्यासारखं वाटतं. काल मी त्याचा शर्ट धरला होता. मुठीत. अख्खा."

"चष्म्या, बाहेर पंच त्याला लागलं नसताना देतात. इथे लागलं तरी मिळत नाही. दोन्ही मिळून हिशेब सरळ होतो."

"पण तू सूड घेतोयस असं नाही ना वाटत लोकांना?"

"कोण लोक?"

"म्हणजे... मी."

"मोजे धू आधी. मग बोल."

टाइम-आउट

जावयाने सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, "शिट्टी लंगड्याची."

खेळ पुढे

खांबाला एक गोष्ट दिसली नाही. तो हक्काने दिवसभर जावयाकडे बघत होता, पण बघत होता ते त्याच्या चेहऱ्याकडे. पसरलेल्या हातांकडे, रागाने लाल झालेल्या कानांकडे. कधीतरी ते हात पसरायचे थांबले. मान उडायची थांबली. "आऽऽह" बंद झालं. खांबाला वाटलं, मोडला. जिरली.

खरं म्हणजे जावई आता मार बसणार हे धरूनच उडी मारायला लागला होता. उजव्या हातावर फटका बसला की चेंडू तोवर डाव्या हातात गेलेला असे. चष्मा शर्ट ओढे, तर हा ओढीबरोबर फिरे आणि पलीकडून फेकी. काही चेंडू जात, काही जात नसत. मग जास्त जायला लागले. खांब तेव्हा आपल्या घोट्याकडे बघत होता, कारण घोटा बरा होत चालला होता आणि घोटा बरा होणं म्हणजे शिट्टी जाणं.

घोटा बरा झाला. शिट्टी गेली. खांब जर्सी घालून बाकावर परतला, टॉवेल मांडीवर, आणि संघ अंतिम सामन्यात पोचला होता.

शेवटचा चेंडू

त्या वर्षी बाहेर फार आरडाओरडा चालला होता. मोठ्या खेळाडूंना पंच डोक्यावर घेतात, खेळाचा तमाशा केलाय, वगैरे. वर्तमानपत्रांत येत होतं, चहाच्या टपऱ्यांवर बोललं जात होतं. त्यामुळे अंतिम सामन्याला पंच म्हणून आला तो एक ताठ मानेचा, ओठ आवळलेला गृहस्थ. त्याने सुरुवातीपासून ठरवल्यासारखं जावयाला काहीही दिलं नाही. खांब बाकावर खूश होता. आपल्यासारखा विचार करणारा माणूस जगात आहे, हे कळलं की बरं वाटतं.

संघ एका गुणाने मागे. वेळ संपत आलेली. चेंडू जावयाकडे. तो आत घुसला. समोरच्या दांडग्या खेळाडूने त्याच्या कोपरावर हात घातला. शिट्टी नाही. चेंडू उजव्या हातातून डाव्यात गेला, डाव्यातून वर, फळीवर टेकला आणि जाळीतून खाली आला. भोंगा वाजला.

रिप्ले: टीव्हीवरून

कोपरावर हात स्पष्ट दिसतो. समालोचक म्हणतो, फाउल होता. दुसरा म्हणतो, शंभर टक्के. पहिला म्हणतो, पण बघा, त्याने पंचाकडे बघितलंसुद्धा नाही.

रिप्ले: सोफ्यावरून

सासरे उठून उभे राहिले, "फाउल" म्हणेपर्यंत चेंडू जाळीत होता, आणि तोंडातला शब्द अर्धाच राहिला. बायको चेंडूकडे बघतच नव्हती. ती पडद्याच्या कोपऱ्यात, बाकाकडे बघत होती. तिथे एक उंच माणूस सगळ्यांच्या आधी उभा राहिला होता.

रिप्ले: बाकावरून

सगळ्यांच्या आधी "फाउल!" असं ओरडलं कोण? खांब ओरडला. दोन्ही हात वर करून, टॉवेल उडवून, घसा फाडून. ज्याने स्वतः जावयाला एकही दिला नव्हता तो, आता पंचाकडे भीक मागावी तसा मागत होता.

बाकावरच्यांना वाटलं, काय जीव लावतो हा संघाला. चष्म्याचे तर डोळे भरून आले.

खांबाला मात्र कोपरावरचा हात दिसला, पाठोपाठ चेंडू डाव्या हातात जाताना दिसला, आणि हे कुठे बघितलंय ते त्याला एका क्षणात आठवलं. म्हणून तो ओरडला. शिट्टी वाजायलाच हवी होती. शिट्टी वाजली असती तर बास्केट झाली तरी तिच्यात पंचाचा वाटा राहिला असता. उद्या कुणीही म्हणू शकलं असतं, त्यात काय मोठंसं, जावयाला दिलं. पण शिट्टी वाजली नाही. सगळं त्याचं एकट्याचं झालं.

मान

जिंकल्यावर कुणीतरी जावयाच्या तोंडासमोर माइक धरला. डाव्या हाताचं हे कुठून आलं? जावई घामाने निथळत होता, हसत होता.

"आमच्याकडे सरावाला एक पंच होता," तो म्हणाला. "त्याने मला एक फाउल दिला नाही. एकही. आधी रडलो, मग शिकलो. हा शॉट खांबदादाचा."

आणि त्याने खांबाला ओढून कॅमेऱ्यासमोर आणलं. खांबाचं डोकं चौकटीबाहेर गेलं. टीव्हीवर फक्त त्याची हनुवटी आणि गळ्यातला टॉवेल दिसला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दारातच त्याला मिठी मारली, म्हणजे कमरेला. "अहो, बोललात का नाही कधी? आपल्या पोराला तुम्ही घडवलंत! आणि मी म्हणतोय, बाकावरून काय दिसतं!" त्याच्यासाठी जेवणाच्या टेबलाशी उंच खुर्ची आणून ठेवली होती. शेजारचे येऊन हात मिळवून गेले. सासऱ्यांनी चारचौघांत पहिल्यांदा म्हटलं, "हे आमचे जावई."

इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं टेबलावर वाढलेलं होतं. खांब नुसताच घास चिवडत राहिला. बक्षीसही त्याचं नव्हतं आणि दाबलेल्या शिट्ट्यांची चोरीही त्याची राहिली नव्हती. त्याने एवढा जपून, एवढा कष्टाने त्या माणसाचा मत्सर केला, आणि तो मत्सरसुद्धा त्या माणसाच्याच कामी आला होता. ज्याच्या घरी सगळंच आहे, त्याच्याकडे आपली चप्पलही आपोआप चालत जावी, तसं.

"जेव ना," बायको हळूच म्हणाली.

"जेवतोय."

"ओरडलास तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते."

त्याने पोळीचा तुकडा मोडला.

"त्याच्यासाठी नव्हतास ओरडत," ती म्हणाली आणि त्याच्या ताटाकडे पाणी सरकवलं.

सरांच्या खोलीत

सरांची खोली म्हणजे पडद्यामागचं फडताळ. एक टेबल, हवा गेलेले चेंडू, भिंतीवर मागच्या सीझनचा फोटो. त्यात खांब मागच्या रांगेत होता, अर्थातच.

"बस," सर म्हणाले. "बाराव्या जागेवर मी नवा मुलगा घेतोय. उड्या चांगल्या मारतो."

खांब बसायच्या बेतात होता, तो तसाच राहिला.

"तुला जाऊ देत नाहीये. तुझ्यासाठी काम आहे. सरावाचा पंच, कायमचा. जावयानेच मागितलंय. म्हणाला, मला तो हवा."

"जर्सी?"

"पंचाला जर्सी कशाला? काळा टी-शर्ट देऊ."

"सर, मी शिट्टी का वाजवत नव्हतो, हे तुम्हाला..."

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. "अरे, सगळ्या संघाला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात जावई माझ्याकडे आला, तक्रार घेऊन. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याला म्हटलं, शिट्टी दुसऱ्याकडे देऊ का? तर म्हणाला, नको सर. राहू द्या. तो जळतोय तोवर माझं बरं चाललंय."

बाहेर कुणीतरी चेंडू आपटत होतं.

"असं म्हणाला?"

"हसून म्हणाला. त्याच्या मनात काही नसतं रे."

तेच तर. त्याच्या मनात कधी काही नसायचं. ते सगळं दुसऱ्यांनी बाळगायचं.

खांब हो म्हणाला. दुसरं येत काय होतं त्याला?

नवा सीझन

पहिल्या सामन्याआधी दिवे मंद झाले. निवेदकाने बारा नावं पुकारली. शेवटचं नाव त्या उड्या मारणाऱ्या मुलाचं. थकलेल्या लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. खांब काळ्या टी-शर्टात जिन्याजवळ उभा होता. टाळ्या त्याच होत्या. अगदी तेवढ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सराव होता. त्याने शिट्टी गळ्यात घातली. आता ती नवी होती, त्याच्या मालकीची.

जावई आत घुसला. चष्म्याने मनगटावर हात मारला, फाटकन. सगळ्यांना माहीत होतं, आता काही होणार नाही. चष्मा तर पुढच्या चढाईला वळलासुद्धा. जावयाने चेंडू डाव्या हातात घेतला.

खांब बघत होता, आणि या वेळी चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. नाही वाजवली तर त्याचा फायदा. नाही वाजवली म्हणून तर आपल्याला ठेवलंय. मग त्याला सासऱ्यांची उंच खुर्ची आठवली. तिच्यावर बसल्यावर पाय किती सैल पडले होते, पाठ किती लवकर टेकली होती, लाडाने माणूस किती पटकन सुस्तावतो, ते आठवलं.

त्याने शिट्टी वाजवली.

कोर्ट जागच्या जागी थांबलं. जावयाच्या हातातून चेंडू सुटला.

"काय झालं?"

"फाउल," खांब म्हणाला. "मनगटावर. दोन फ्री थ्रो."

"अरे दादा, चाललं असतं. मी टाकतच होतो."

"लागलं ना तुला?"

"लागलं, पण..."

"मग? या जावईबापू," खांब म्हणाला आणि हाताने अदबीने रेषा दाखवली. "इकडे या."

कुणीतरी हसलं. वरच्या पायऱ्यांवर बसलेल्या सरांनी मान उचलली. जावई रेषेवर गेला, केस मागे सारले, चेंडू टाकला. निवांत. आत. दुसराही आत.

पुढच्या वेळी धक्का बारीक होता. खांबाने तोही दिला. त्यापुढचा तर नुसता कपड्याला कपडा लागला होता, तोही दिला. चष्मा कावराबावरा होऊन आपल्या हातांकडे बघायला लागला. जावई आधी गोंधळला, मग त्याने खांदे उडवले, मग गालात हसला. रेषेकडे जाताना त्याची चाल हळूहळू ऐटदार होत गेली.

सराव संपत आला तेव्हा तो पुन्हा आत घुसला. चष्मा घाबरून दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता. मध्ये वीतभर हवा होती. जावयाने चेंडू वर नेला, आणि मग, अगदी आपोआप, त्याची मान मागे उडाली.

"आऽऽह!"

तो खाली बसला, हात पसरले आणि विश्वासाने खांबाकडे बघायला लागला.

खांबाने शिट्टी ओठात धरली आणि गाल फुगवले.